वडील फौजेत, पोरं कॉलेजात: फीचे पैसे नक्की कुठून येतात?

बारावीचा निकाल लागला की फौजी माणसाच्या घरी येऊन कोणीतरी म्हणतंच, "तुम्हाला काय टेन्शन, मिलिटरीवाल्यांच्या पोरांना सगळं फ्री असतंय." फ्री वगैरे काही नसतं हो. जे मिळतं ते चार-पाच वेगवेगळ्या खात्यांकडून, वेगवेगळ्या अटींवर, वेगवेगळ्या तारखांना मिळतं, आणि हे सगळं एका दमात सांगणारा माणूस कुठल्याच खिडकीवर बसलेला नसतो. त्यामुळे होतं काय, की ज्यांचा मेहुणा किंवा शेजारी आधी या चक्रातून गेलाय त्यांचं बरोबर जमतं आणि बाकीचे पोरगी सेकंड इयरला गेल्यावर चौकशी करत येतात. तोपर्यंत सगळ्यात मोठी स्कॉलरशिप हातातून गेलेली असते, कारण ती पहिल्या वर्षीच मागायची असते.

तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पोराचे मार्क नंतर बघितले जातात, आधी बघतात वडिलांचा कागद. वडील अजून नोकरीत आहेत, का रिटायर झालेत, का लढाईत गेले किंवा जायबंदी झाले, का अग्निवीर म्हणून चार वर्षं करून बाहेर पडले, या चौघांचे नियम वेगळे आहेत आणि एकाचा फायदा दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. त्यात परत रँक आहेच.

आणि गावाकडे आपण कुणालाही "मिलिटरीत हाय" म्हणतो, तिथेही घोळ होतो. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही गृहखात्याची दलं, त्यांच्या मुलांसाठी प्रधानमंत्री शिष्यवृत्ती आहे पण ती वेगळी, तिचा फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा असतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चकरा मारून उपयोग नाही. खडकी, देहूरोड, वरणगाव इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांमध्ये ज्यांनी आयुष्य काढलं ते सिव्हिलियन कर्मचारी, खातं डिफेन्सचं असलं तरी खाली लिहिलेलं त्यांना बहुतेक लागू होत नाही. आणखी एक, पेन्शन बसायच्या आत स्वतःच्या मर्जीने अर्ज करून नोकरी सोडून आलेला माणूस सरकारी व्याख्येत "माजी सैनिक" धरला जात नाही. घरच्यांना हे ऐकून वाईट वाटतं पण व्याख्या तशी आहे.

आता मोठी स्कीम. प्रधानमंत्री शिष्यवृत्ती योजना, २००६-०७ पासून चालू आहे, पैसा येतो राष्ट्रीय संरक्षण निधीतून आणि चालवतं दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड. माजी सैनिकांची आणि माजी कोस्टगार्डवाल्यांची मुलं आणि विधवा पत्नी यांच्यासाठी वर्षाला ५५०० शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना निम्म्या मुलांना. मुलींना महिन्याला ३००० रुपये, मुलांना २५००, हे दर २०१९-२० पासूनचे. पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, वर्षाचे एकदम विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात, म्हणजे मुलीला वर्षाला ३६,००० आणि मुलाला ३०,०००. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचा हिशोब केला तर मुलीला १ लाख ४४ हजार, मुलाला १ लाख २० हजार. खासगी कॉलेजची फी बघता यात सगळं भागत नाही हे सांगायला नकोच, पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं यातला बराच भार उतरतो.

अटी नीट वाचा, कारण लोक इथेच अडकतात. कोर्स प्रोफेशनल पाहिजे: बीई, एमबीबीएस, बीडीएस, बी फार्म, बीएड, बीबीए, बीसीए असं काहीतरी, आणि तो एआयसीटीई, यूजीसी किंवा त्या त्या क्षेत्राच्या कौन्सिलची मान्यता असलेला. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी यात बसत नाही. मास्टर्समध्ये फक्त एमबीए आणि एमसीए. ज्या परीक्षेवर ॲडमिशन झालं, बारावी असो, डिप्लोमा असो की ग्रॅज्युएशन, तिच्यात किमान ६० टक्के. करस्पॉन्डन्स कोर्स चालत नाही, परदेशातलं कॉलेज चालत नाही. आणि अर्ज पहिल्या वर्षालाच. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या पोरांना सूट आहे, कारण त्यांचं पहिलं वर्ष तेच. पण सरळ बारावीवरून गेलेला मुलगा पहिल्या वर्षी अर्ज करायला विसरला तर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षाचे पैसेसुद्धा गेले, पुढे कितीही मार्क पाडले तरी.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन होतो आणि ॲडमिशनची गडबड जून ते सप्टेंबर असते तर हा फॉर्म साधारण त्यानंतर दिवाळीच्या आगेमागे चालतो, तारीख दरवर्षी वेगळी. म्हणजे कॅप राऊंड (सरकारी प्रवेशफेऱ्या), फी, हॉस्टेल, गणपती हे सगळं उरकून घरचे जरा निवांत झालेले असतात आणि नेमकी तेव्हाच ही तारीख येते आणि जाते. मोबाइलमध्ये आत्ताच रिमाइंडर लावून ठेवा, सप्टेंबर उजाडला की दर आठवड्याला वेबसाइट बघायची, बस.

५५०० म्हणजे अख्ख्या देशात ५५००, म्हणून निवडीला क्रम आहे. सगळ्यात आधी युद्धात मारले गेलेल्यांची मुलं आणि पत्नी, मग युद्धात अपंगत्व आलेल्यांची, मग नोकरीत असताना नोकरीच्या कारणाने मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्यांची, मग शौर्यपदकवाल्यांची, आणि शेवटी बाकीच्या माजी सैनिकांची. या शेवटच्या गटात ऑफिसरची मुलं येत नाहीत, जवान ते सुभेदार मेजर अशा रँकवाल्यांचीच येतात. आपल्याकडची बहुतेक घरं याच शेवटच्या गटातली, आणि तिथे निवड मार्कांवर होते, त्यामुळे ६० टक्के हे फक्त फॉर्म भरण्यापुरते, मिळण्याची खात्री नाही. तरी भरा. "आपल्याला कुठं मिळतंय" म्हणून न भरणाऱ्या घरांची मला खरंच चीड येते, फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत.

एकदा मिळाली की दरवर्षी रिन्यू करावी लागते, ५० टक्क्यांच्या वर राहिलात तर. म्हणजे पहिल्या वर्षी पुण्यात आल्यावर जे वारं लागतं त्यात गणिताचा पेपर राहिला वगैरे झालं तर त्याची किंमत फक्त एटीकेटी एवढीच नसते, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

आता एक विचित्र गोष्ट. ही शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे वडील अजून नोकरीत असतील तर नाही. समजा पोरगी यंदा फर्स्ट इयरला गेली आणि वडील पुढच्या वर्षी रिटायर होणार, तर यंदा ते माजी सैनिक नाहीत आणि पुढच्या वर्षी ती फर्स्ट इयरला नाही. दोन्हीकडून हुकलं. यासाठी कोणी रिटायरमेंट अलीकडे ओढू नये, एका वर्षाचा पगार आणि पेन्शनमधला फरक या स्कॉलरशिपपेक्षा कितीतरी मोठा आहे, पण निदान आशा लावून बसू नका. हवालदार साधारण २४ वर्षं करून येतो, एकोणिसाव्या वर्षी भरती झाला असेल तर त्रेचाळीसला घरी, तोपर्यंत मोठं पोर नववी-दहावीत असतं, म्हणजे बहुतेक जवान-हवालदारांचं गणित जुळतं. सुभेदार साहेबांचं मात्र मोठ्या मुलाच्या बाबतीत हुकायची शक्यता जास्त, धाकट्याला मिळू शकते.

मग नोकरीत असलेल्या वडिलांच्या मुलांना काय? चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स, सगळ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळतो तोच. जानेवारी २०२४ पासून एका मुलाला महिन्याला २८१२ रुपये ५० पैसे, हॉस्टेलला असेल तर हॉस्टेल सबसिडी ८४३७ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत. पण हा बारावीलाच थांबतो. कॉलेजला लागू नाही. यात एक बारीक वाट आहे जी फारशी कोणी वापरत नाही: दहावीनंतर पोरगा पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला गेला, आणि अकरावी-बारावीसाठी हा भत्ता घेतलेला नसेल, तर डिप्लोमाच्या पहिल्या दोन वर्षांसाठी तो घेता येतो. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करणारी पोरं काही कमी नाहीत, त्यामुळे नोकरीत असणाऱ्यांनी युनिटच्या क्लार्कला हे स्पष्ट विचारावं.

बीए, बीकॉम करणाऱ्यांसाठी वेगळी मदत आहे. रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शैक्षणिक अनुदान मिळतं, पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत, दोन मुलांना. हे महिन्याला १००० रुपये होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये दुप्पट करायचा निर्णय झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना २००० लागू झालं. विधवा पत्नी दोन वर्षांचं पोस्ट ग्रॅज्युएशन करत असेल तर तिलाही हेच. शाळेत असताना ७ डिसेंबरला डब्यात पैसे टाकून छातीवर छोटा झेंडा लावून घ्यायचो ना, तो ध्वजदिन निधी, हे पैसे त्यातूनच येतात. इथे रँकची अट आणखी कडक आहे: हवालदारापर्यंतच मिळतं. म्हणजे सुभेदाराची पोरगी इंजिनिअरिंगला गेली तर प्रधानमंत्री शिष्यवृत्ती मागू शकते, पण बीकॉमला गेली तर या अनुदानाला बसत नाही. लोक एका ऑफिसात "तुम्हाला नाही" ऐकलं की दुसरीकडे विचारतच नाहीत. प्रत्येक स्कीम वेगळी विचारा.

युद्धात किंवा कारवाईत जीव गमावलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. ७१ च्या लढाईनंतर १९७२ मध्ये ही सवलत सुरू झाली, ट्यूशन फीची भरपाई, हॉस्टेलचा खर्च, पुस्तकं-युनिफॉर्म, ग्रॅज्युएशनपर्यंत. मध्ये जुलै २०१७ मध्ये सरकारने महिन्याला १०,००० ची मर्यादा घातली होती, त्यावर बराच आवाज झाला आणि मार्च २०१८ मध्ये ती काढून टाकली. तेव्हा कुणी अजूनही "दहा हजारापर्यंतच मिळतं" सांगत असेल तर ती जुनी माहिती आहे.

आता एक फरक ज्याच्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतो: जागा मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसीच्या कॅप प्रक्रियेत डिफेन्ससाठी ५ टक्के जागा असतात. डेफ-१ म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुलं, डेफ-२ म्हणजे इथलेच रहिवासी पण वडील अजून नोकरीत, डेफ-३ म्हणजे वडील बाहेरच्या राज्यातले पण बदलीने महाराष्ट्रात आलेले वगैरे. सिव्हिलियन कर्मचाऱ्यांना नाही हे तिथेही स्पष्ट लिहिलेलं असतं. या कोट्यातून चांगलं कॉलेज मिळू शकतं, ओपनला जे कॉलेज थोडक्यात हुकतं ते इथे लागू शकतं, पण फी एक रुपयानेही कमी होत नाही. फी किती भरायची हे तुमची कॅटेगरी आणि उत्पन्न यावर ठरतं. तरीही मी म्हणेन की पैशाच्या दृष्टीने हा कोटा सगळ्यात किमती आहे, कारण सरकारी किंवा जुन्या एडेड कॉलेजमध्ये जागा लागली तर खासगीच्या तुलनेत फीमध्येच जे वाचतं ते कुठल्याही स्कॉलरशिपपेक्षा जास्त असतं. फक्त कॅपचा फॉर्म भरतानाच डिफेन्सचा रकाना टिक करायचा असतो आणि सर्टिफिकेट जोडायचं असतं, माजी सैनिकाला जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडून आणि नोकरीत असेल तर युनिटकडून. वडील लेह नाहीतर तवांगला आणि इकडे डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनची शेवटची तारीख, हा प्रकार दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात होतो, म्हणून बारावीची परीक्षा चालू असतानाच कागद मागवून ठेवा. वडिलांचं डोमिसाइलही बघा, आयुष्यभर बाहेर राहिलेल्या माणसाने ते कधी काढलेलंच नसतं.

याच्याच शेजारी आर्मीची स्वतःची कॉलेजं. पुण्याला दिघीला आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, १९९४ पासून, आर्मीवाल्यांच्याच मुलांसाठी, आणि प्लेसमेंटला चांगलं नाव आहे. नोकरीतल्या वडिलांची किमान १० वर्षं सेवा लागते, रिटायर असतील तर पेन्शनर. नेव्ही-एअरफोर्सवाल्यांना नाही. पण तिथे प्रवेश जेईई मेनवर होतो आणि आपली पोरं फक्त एमएचटी-सीईटी देऊन मोकळी होतात. दिघी एसटी स्टँडपासून तासाभरावर आणि फौजीच्या पोराला तिथे अर्जच करता येत नाही, कारण जेईई दिली नाही. ती द्या, मार्क कसेही पडोत. ही कॉलेजं चालवणाऱ्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या छत्राखाली कायद्याचं कॉलेज तळेगावजवळ कान्हे इथे, दिल्लीला मेडिकल, बंगळुरूला हॉटेल मॅनेजमेंट असंही आहे. फी मात्र इथे भरावीच लागते, नाव आर्मीचं म्हणून फुकट नाही.

मेडिकलला केंद्राच्या कोट्यातल्या एमबीबीएसच्या काही जागा संरक्षण मंत्रालयामार्फत भरल्या जातात. नीट द्यावीच लागते, अर्ज जिल्हा कार्यालयातून वर जातो, आणि वर सांगितला तसाच क्रम, शहिदांची मुलं आधी. जागा इतक्या थोड्या की साध्या माजी सैनिकाच्या मुलाने यावर विसंबून राहू नये, राज्याच्या यादीतल्या डिफेन्सच्या जागांकडे जास्त लक्ष द्यावं.

राज्य सरकारच्या बाजूने बघायचं तर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर उच्च शिक्षण विभागाच्या यादीत माजी सैनिकांच्या मुलांसाठी शैक्षणिक सवलत अशी एक योजना आहे, आर्ट्स-कॉमर्स-सायन्सवाल्यांनी ती उघडून बघावी. आणि मुलगी असेल तर फौजी वगैरे बाजूला ठेवा आणि आधी ८ जुलै २०२४ चा जीआर बघा: ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून मिळालेल्या प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठांना नाही. बऱ्याच हवालदार-नायकांच्या मुली यात बसतात आणि यात मिळणारी रक्कम सैनिकी स्कॉलरशिपपेक्षा मोठी असते. उत्पन्नात पेन्शन धरली जाते, रिटायर झाल्यावर बँकेत किंवा सिक्युरिटीत लागलेल्या नोकरीचा पगारही, तहसीलदाराकडचा दाखला काढताना ते लपवू नका. प्रत्येक फॉर्ममध्ये दुसरी शिष्यवृत्ती घेता का असा प्रश्न दिसला तर तिथेही खरं लिहा, एकाच फीचे पैसे दोन खात्यांकडून उचलले आणि नंतर वसुली निघाली तर पोराच्या डिग्रीपर्यंत त्रास जातो.

पैसे हातात देण्यापेक्षा खर्च वाचवणारी एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे हॉस्टेल. सैनिक कल्याण विभागाची माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी बऱ्याच जिल्ह्यांत वसतिगृहं आहेत. पुण्यात कॉट बेसिसवर राहून बाहेर मेस लावायचा खर्च ज्याने केलाय त्याला कळेल की वर्षाला किती फरक पडतो. ॲडमिशन झालं त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात लगेच चौकशी करा, जागा मर्यादित असतात.

आता ज्याच्यावर सगळं अडतं तो विषय, कागद. अर्ज फेटाळले जातात ते मार्कांवरून कमी आणि नावांवरून जास्त. फौजेच्या रेकॉर्डमध्ये मुलाचं नाव पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या नोंदीच्या आदेशाने, चढतं, जन्म झाल्यावर वडिलांनी युनिटला कळवलं तेव्हा क्लार्कने जसं ऐकलं तसं लिहिलं. हिंदी पट्ट्यातल्या क्लार्कने "ज्ञानेश्वरी"चं स्पेलिंग काय केलं असेल ते तुम्हीच बघा. पाळण्यातलं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं. जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनी सोयीने १ जून केलेली. आणि हे सगळं कुणालाच माहीत नसतं, जोपर्यंत स्कॉलरशिपच्या फॉर्मसोबत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं पुस्तक) आणि दहावीचं मार्कशीट शेजारी शेजारी ठेवलं जात नाही.

म्हणून पोरगं आठवी-नववीत असतानाच एका रविवारी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिकाचं ओळखपत्र, पोराचं जन्म प्रमाणपत्र, आधार आणि शाळेचा दाखला हे सगळं टेबलावर मांडा आणि अक्षर न अक्षर जुळवा. वडील अजून नोकरीत असतील तर सोपं आहे, सुट्टी संपवून परत जाताना कागद घेऊन जायचे आणि युनिटमधून पार्ट टू ऑर्डरची दुरुस्ती करून घ्यायची. रिटायर झाले असतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, ॲफिडेव्हिट, शाळेचे कागद असं सगळं पाठवावं लागतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडेवाल्यांचं अहिल्यानगरला, आणि याला महिने लागतात. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्ममध्ये जे नाव जाईल ते पुढे आयुष्यभराचं, त्यामुळे तो फॉर्म भरायच्या आधी ठरवा की रेकॉर्ड बदलायचं का शाळेतलं.

दुसरा अडथळा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी. रिटायर होऊन आल्यावर नोंदणी करायची असते, काही जण करतच नाहीत, काहींनी केलेली असते साताऱ्याला आणि राहतात हडपसरला. मग पुण्याचं ऑफिस म्हणतं साताऱ्याला जा. नोंदणी बदलून घेता येते, पण फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात नाही. प्रधानमंत्री शिष्यवृत्तीला तीन छापील नमुने लागतात: माजी सैनिक असल्याचं जिल्हा अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र, कॉलेजचं बोनाफाइड त्यांच्याच नमुन्यात, आणि बँकेचं पत्र. कॉलेजचा क्लार्क स्वतःच्या लेटरहेडवर नेहमीचं बोनाफाइड हातात देतो, ते चालत नाही, नमुना प्रिंट करून त्याच्या टेबलावर ठेवा आणि हसून सांगा की यावरच पाहिजे. बँक खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं असू द्या, वडिलांबरोबरचं पेन्शनचं जॉइंट खातं देऊ नका.

वडिलांच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल थोडक्यात. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात पुनर्वसन महासंचालनालयाचे २४ आठवड्यांपर्यंतचे कोर्स मिळतात, जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) फुकट, ऑफिसरला फीच्या ४० टक्के स्वतः भरावे लागतात आणि त्यांच्यासाठी काही आयआयएममधलेही कोर्स असतात. सिक्युरिटी सुपरवायझरचाच कोर्स घ्यायची पद्धत पडलीय, जरा यादी शेवटपर्यंत वाचा. आणि १५ वर्षं झाल्यावर मिळणारं ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं सर्टिफिकेट हे केंद्राच्या ग्रुप सी नोकऱ्यांसाठी बरोबरीचं धरतात, ती विद्यापीठाची डिग्री नाही, त्याच्यावर एलएलबी किंवा एमबीएला प्रवेश मागायला जाऊ नका. खरी डिग्री हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, पोस्टिंग कुठेही असलं तरी चालतं.

राहता राहिले अग्निवीर, आणि त्यांच्याबद्दल गावात सगळ्यात जास्त अफवा आहेत. चार वर्षं करून बाहेर येणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, त्यामुळे वर लिहिलेल्या माजी सैनिकांच्या बहुतेक सवलती त्याला लागू नाहीत. त्याला मिळते सेवा निधी. पहिल्या वर्षी ३०,००० पगारातून ९,००० कापले जातात, चौथ्या वर्षी ४०,००० मधून १२,०००, चार वर्षांत त्याचे स्वतःचे ५ लाख २ हजार होतात, तेवढेच सरकार घालतं आणि व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार हातात येतात, टॅक्स नाही. २५ टक्क्यांपर्यंत पोरं पुढे कायम होतात, बाकीच्यांची पहिली बॅच २०२६ च्या शेवटापासून बाहेर पडायला लागते, म्हणजे ऐन विशी-पंचविशीत एकदम एवढी रक्कम खात्यावर. बुलेट, थार, घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, सगळे तिच्याकडे डोळे लावून बसलेले असणार.

अशा पोराने कॉलेजचा विचार नोकरीत असतानाच सुरू करावा, कारण इग्नूने अग्निवीरांसाठी वेगळी डिग्री काढलीय, तिच्यात ५० टक्के क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे धरले जातात आणि उरलेले ५० टक्के विषय निवडून करायचे. दहावीवर भरती झालेल्यांना बारावीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळेतून मिळायची सोय आहे. म्हणजे नाव वेळेत घातलं तर बाहेर पडताना डिग्री हातात किंवा अगदी जवळ, आणि सेवा निधीतले पैसे पदवीवर न घालवता त्यापुढच्या एमबीए, बीएड किंवा एलएलबीच्या फीला वापरता येतात. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी त्यातले दोन-तीन लाख आल्या दिवशीच कोर्सच्या मुदतीएवढ्या एफडीत टाकावेत, स्वतःच्या एकट्याच्या नावाने, आणि घरी सांगावं की ते कॉलेजचे आहेत.